शुचिव्रताचे हात

कृतयुग सरत आले होते आणि त्रेतायुगाचे पाऊल अजून पृथ्वीच्या उंबरठ्यावर पडायचे होते, त्या संधिकाळातले हे आख्यान आहे. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरून सुनंदिनी नावाची पुण्यसलिला नदी वाहत असे. तिच्या तीरावर, जिथे आम्र, पनस आणि अर्जुन वृक्षांच्या छायेत हरिणे निर्भयपणे रवंथ करीत आणि होमधूमाने सकाळचे धुके निळसर होई, तिथे महर्षी शुचिव्रत आपली पत्नी धृतिमती हिच्यासह राहत. जसे नाव तसे व्रत. स्नान नित्य तीन वेळा, आणि अंगावर कावळ्याची सावली पडली तर चौथे. हात तर ते मृत्तिकेने आणि भस्माने इतके घासत, की तळव्यावरच्या रेषा पुसट झाल्या आहेत, असे धृतिमती कधी कधी हसून म्हणे. महर्षींना ते हसणे आवडत नसे.

त्याच काळी कंटकासुर नावाचा दैत्य मातला होता. त्याने घोर तप करून ब्रह्मदेवाकडून वर मिळवला होता, की तपस्व्याखेरीज कोणाच्याही हातून आपल्याला मृत्यू नसावा, आणि तपस्व्याचे हात धुतलेले असतील तर त्याच्याही हातून नसावा. हात न धुणारा तपस्वी तिन्ही लोकांत सापडणार नाही, हा त्याचा हिशेब होता, आणि ही अट त्याने कोणाला कळूही दिली नव्हती. ऋषींनी शिंपडलेले अभिमंत्रित जल त्याच्या अंगावरून अळवाच्या पानावरून घरंगळावे तसे घरंगळून जाई. शुचिव्रतांनी स्वतः दोनदा प्रयत्न केला होता आणि दोन्ही वेळा खाली मान घालून ते आश्रमात परतले होते.

एके दिवशी प्रातःस्नान आटोपून महर्षी घाट चढत असताना मागे पाणी खळबळले. वळून पाहतात तो काय, वीतभर लांबीची एक सुवर्णवर्णी मासोळी खडकावर तडफडते आहे, तिची कूस भाल्याने फाटली आहे, आणि पैलतीरावर कंटकासुर दुसरा भाला पेलून उभा आहे. महर्षींनी तिला ओंजळीत उचलले. तोच प्रवाहातून शुभ्रवसना सुनंदिनी प्रकट झाली.

"मुनिश्रेष्ठा," ती म्हणाली, "ही माझी प्राणधारा आहे. हिच्या श्वासावर माझा प्रवाह चालतो. तुझ्या अग्निहोत्राची सीमा हा दुष्ट ओलांडू शकत नाही, म्हणून सात दिवस हिला तुझ्या घरी सांभाळ. ही बरी होऊन परतली तर मी वाहीन. ही गेली, तर माझ्या काठचे सारे जीव माझ्याबरोबर जातील."

"देवी, मी हिला अभय दिले," शुचिव्रत उद्गारले आणि ओंजळ सावरत आश्रमाकडे धावत सुटले. आयुष्यात ते प्रथमच धावत होते.

आता ऋषींच्या घरी पाहुणी आली, तर तिची व्यवस्था ऋषींच्याच रीतीने होणार. महर्षींनी यज्ञशाळेतले तांब्याचे विशाल कुंड चिंचेने घासून लखलखीत केले, त्यात सप्ततीर्थांचे साठवलेले जल ओतले, वर दूध, मध आणि तुळशीदळे घातली, जखमेवर पवित्र भस्म चोळले आणि मासोळीला आत सोडून मंत्रपठण आरंभले. माध्यान्हीपर्यंत मासोळी एका कुशीवर कलली. तिचे कल्ले धापा टाकू लागले, आणि तिकडे सुनंदिनीचे पाणी घाटाच्या तीन पायऱ्या खाली उतरले.

"नाथ," धृतिमती म्हणाली, "आपण हिची पूजा मांडली आहे. हिला काय हवे, ते आपल्या दोघांनाही ठाऊक नाही. पलीकडच्या वाडीतली तरला धीवरी बाजाराच्या दिवसापर्यंत मासे घरात जिवंत ठेवते. तिला बोलवा."

"धीवरी? यज्ञशाळेत?"

"चौथी पायरी उघडी पडली आहे," धृतिमती एवढेच म्हणाली.

महर्षी गेले. ज्या वाडीवरून येणारा वारासुद्धा ते नाक धरून टाळत, तिच्या दारात उभे राहून त्यांनी हाक मारली. तरला आली, तिने कुंडात डोकावले आणि कपाळावर हात मारून घेतला.

"महाराज, तांब्यात मासा ठेवतात होय? तांबं त्याला इखच. आन् दूध कशाला? ती काय वासरू हाय? आमचं मुरलेलं मडकं आणलंय. नदीचं पाणी भरा, रोज निम्मं बदला, चिमूटभर मीठ टाका. घावाला वली हळद लावा. आन् एक ध्यानात धरा. तिच्या अंगावरचं बुळबुळीत हाय ना, तीच तिची कातडी. राखेनं, मातीनं घासलेला हात लावाल तर ती सोलून निघंल. ती बरी होवस्तर हात घासायचे न्हाईत, धुवायचे न्हाईत."

"बाई, हात शुद्ध केल्याविना संध्या होत नाही. सात दिवस संध्या चुकली तर माझे साठ वर्षांचे तप लयाला जाईल."

"मग तप ठिवा आन् मासोळी सोडा. मी काय सांगू?"

महर्षींनी कुंडात कललेल्या मासोळीकडे पाहिले. मग त्यांनी भस्मपात्र उचलून वळचणीला ठेवले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

पुढे आले तसे दिवस आश्रमाने कधी पाहिले नव्हते. डोक्यावर मडकी घेऊन महर्षी नदीच्या खेपा घालीत, आणि पैलतीरावर मासोळीचीच वाट पाहत बसलेला असुर खदखदा हसे. गोठ्यामागचे शेण उकरून ते गांडुळे गोळा करीत. तिसऱ्या दिवशी मासोळी सरळ झाली. चौथ्या दिवशी तिने त्यांच्या बोटांतले गांडूळ झडप घालून ओढले, तेव्हा साठ वर्षे मौनाचा अभ्यास केलेला तो मुनी "खाल्लं, अगं, खाल्लं!" असे ओरडत पाकगृहापर्यंत गेला. घाटाच्या दोन पायऱ्या पुन्हा पाण्याखाली गेल्या. हातांना मात्र माशाचा, मिठाचा, हळदीचा असा काही दर्प चढला, की हरिणेही हुंगून मागे सरत.

सातव्या दिवशी माध्यान्ही मडके छातीशी धरून महर्षी घाट उतरले. मागे धृतिमती आणि तरला होत्या. सीमा ओलांडताच कंटकासुर वाट अडवून उभा ठाकला. त्याच्या पायांखाली खडक पिचले, त्याच्या श्वासाने अर्जुनवृक्षांची पाने करपली.

"ठेव ते मडके, ब्राह्मणा," तो गर्जला. "दोनदा तुझे पाणी अंगावर घेतले. आता तर तुझ्याजवळ संध्येचेही बळ उरलेले नाही."

"उरले नसेल," शुचिव्रत म्हणाले. "पण हिला मी अभय दिले आहे. माझा देह पडल्याखेरीज हे मडके तुझ्या हाती लागणार नाही."

असुराने भाला उगारला. मडके धृतिमतीच्या हाती देऊन महर्षींनी त्यातलेच पाणी ओंजळीत घेतले. त्यात शेवाळ होते, मीठ होते, खवले होते. तप उरले असेल-नसेल, मंत्र तेवढा ओठांवर होता. त्यांनी ओंजळ फेकली. पाणी असुराच्या छातीवर पडले आणि या वेळी ते घरंगळले नाही. जिथे जिथे थेंब पडला तिथे तिथे अग्नी भडकला.

"तुझे हात," असुर किंचाळला, "तू हात धुतले नाहीस?"

"सात दिवस नाही," महर्षी म्हणाले. बोलून होईतो समोर राखेचा ढीग उरला होता.

तरलेने मडके पाण्यात तिरके केले. मासोळी बाहेर आली, महर्षींच्या बोटांना एकदा तोंड लावून डोहात शिरली, आणि सुनंदिनी साऱ्या पायऱ्या बुडवीत वर चढली. देवी प्रकट होऊन म्हणाली, "मुने, तुझे तप रतीभरही उणे झालेले नाही. या डोहात यापुढे कोणी जाळे टाकणार नाही. आणखी एक वर माग. तुझ्या हातांचा हा दर्प कोणत्याही स्नानाने जाणारा नाही. सांगशील तर मी तो धुऊन काढीन."

धृतिमतीने नवऱ्याकडे पाहिले. महर्षींनी दोन्ही तळवे नाकाशी नेले आणि ते हसले.

"देवी," ते म्हणाले, "हा राहू दे."

तेव्हापासून सुनंदिनीच्या त्या डोहावर अर्घ्य देणारा आधी हात धूत नाही. तो ओंजळ पाण्यात धरून थांबतो, सुवर्णवर्णी मासे येऊन त्याची बोटे हुंगतात, आणि मगच ती ओंजळ सूर्याकडे उचलली जाते. हातांना वास राहतो. घरी गेल्यावरही तो कोणी धुऊन काढत नाही.