चंद्रछाप छिन्नी

फार जुनी गोष्ट आहे, तरी तिचं साल नेमकं सांगता येतं. शके बाराशे एकतीस, सौम्य नाम संवत्सर, फाल्गुन महिना. शिशिर सरत आला होता.

एका डोंगराळ मुलखात राजानं मोठं तळं बांधायला घेतलं होतं. बांध पुरा झाला होता, सांडवा राहिला होता. तळं भरलं की जादा पाणी ज्या वाटेनं बाहेर पडतं, तो सांडवा. तो काळ्या खडकातून खोदायचा होता, तोही आषाढाच्या आत. नाही खोदला तर पाणी बांधावरून जाणार, बांध फुटणार आणि खालची वाडी नावालाही उरणार नाही. त्या वाडीत येसबा नाईकाची लेक सगुणी नांदत होती.

येसबा पाथरवटांच्या टोळीचा नाईक. त्याची टोळी उगवतीकडून खडक फोडत होती. मावळतीकडून गिरजोबाची टोळी फोडत होती. दोघांनी मध्ये भेटायचं होतं. पण भेटायची इच्छा कुणालाच नव्हती.

कारण येसबाची माणसं चंद्रछाप छिन्नी वापरत आणि गिरजोबाची मोरछाप. चंद्राचा लोहार सात दिवसांच्या वाटेवर उत्तरेला, मोराचा तितकाच दूर दक्षिणेला. दोघांपैकी एकाही लोहाराला या पाथरवटांची नावंसुद्धा ठाऊक नव्हती. तरी त्यांच्यापायी इथं सोयरिकी मोडल्या होत्या.

"मोराला नाचता येतं, दगड फोडता येत नाही," चंद्रवाले म्हणत.

"तुमचा चंद्र पंधरा दिवस खंगतो, त्याचं बघा आधी," मोरवाले म्हणत.

येसबा हसत नसे. सकाळी छिन्नी हाती घेतली की तो आधी तिच्यावरच्या चंद्राला कपाळ लावी. त्याच्या बापानं तेच केलं होतं.

चैत्र उलटला आणि चंद्रछाप छिन्न्या बिघडल्या. दहा घाव घातले की टोक वळायचं. पलीकडे गिरजोबाच्या बाजूला दगडाच्या कपच्यांचा ढीग वाढत होता, इकडचा तसाच होता.

चंद्रछाप छिन्नी आपसूक वळेल, हे येसबाच्या मनाला शिवलंच नाही. म्हणजे कुणीतरी काहीतरी केलं होतं.

दोन्ही टोळ्यांची हत्यारं एकाच भट्टीवर शेकली जात. भट्टी ठकू लोहारणीची. ती टोक तापवून ठोकायची, मग पाण्यात बुडवायची. त्याला पाणी पाजणं म्हणतात. येसबा जाऊन तिच्या भट्टीपुढं बसला. त्यानं पाण्याचा हुंगून वास घेतला. बोट बुडवून चव घेतली.

"नाईक, तहान लागली असेल तर माठातलं देते," ठकू म्हणाली. "ह्या पाण्यात राख आहे."

"मोरवाल्यांनाही हेच पाणी?"

"हेच. विहीर एकच आहे."

त्याचा विश्वास बसला नाही. त्यानं आपल्या टोळीसाठी वेगळी घागर आणवली. छिन्न्या तरीही वळल्या. मग त्यानं रात्री छिन्न्यांच्या पिशव्यांना गाठी मारून ठेवल्या. गाठी जशाच्या तशा राहिल्या, छिन्न्या वळतच राहिल्या. गिरजोबा वाटेत भेटून "राम राम, नाईक," म्हणाला, तर येसबाला त्या राम राममध्येही काही तरी दडलेलं वाटलं.

शेवटी एका दुपारी, मोरवाले भाकरी खात असताना, त्यानं गिरजोबाची पिशवी उचलून सगळ्यांसमोर उपडी केली. आठ छिन्न्या पडल्या. एकीवरही छाप नव्हती.

"बघा!" येसबा ओरडला. "आमच्या छिन्न्या चोरून चंद्र घासून टाकलाय!"

गिरजोबानं हातातला घास खाली ठेवला नाही. "मोजून बघ तुझ्या. एखादी कमी आहे का?"

येसबानं सकाळीच मोजल्या होत्या. एकही कमी नव्हती.

"मग तुझे मोर कुठं गेले?"

"आगीत गेले. ठकूबाईला विचार."

ठकू भात्यावरून उठली. तिनं येसबाची छिन्नी त्याच्याच हातात दिली. "नाईक, नवी छिन्नी असते तेव्हा छाप टोकापासून वीतभर वर असते. हा खडक कठीण. छिन्नी झिजून आखूड झाली, छाप टोकाशी आली. आता टोक लाल करायचं तर छापही तापणार, ठोकायचं तर छापही मोडणार. तुम्हीच मला बजावलंत, चंद्राला आग लागता कामा नये. मी टोक नुसतं कोमट करते. कोमट लोखंडाला पाणी काय पाजणार?"

"पहिल्यांदा मोर ठोकला तेव्हा आमचीही दोन माणसं दिवसभर जेवली नाहीत," गिरजोबा म्हणाला. "दुसऱ्या दिवशी जेवली."

येसबानं छिन्नी छातीशी धरली. "म्हणजे मी माझ्या हातानं चंद्र मिटवावा, हाच तुमचा डाव."

तो निघून गेला. त्यानं आणखी अकरा दिवस घालवले. अकरा दिवसांत त्याच्या टोळीनं दोन हात खडकही फोडला नाही.

बाराव्या दिवशी सगुणी वाडीतून वर आली. कडेवर मूल होतं. तिनं सांडव्याची उगवतीची बाजू पाहिली, मग मावळतीची पाहिली. तिला समजायला वेळ लागला नाही.

"आबा, एवढंच सांगा. पोराला घेऊन मी डोंगरावर राहायला जाऊ, की घरी थांबू?"

"सासरचे काय म्हणतात?"

"ते म्हणतात, तुझा बाप नाईक आहे, सांडवा होईल."

येसबा भट्टीकडे गेला. पिशवीतल्या सगळ्या छिन्न्या त्यानं ठकूपुढं टाकल्या.

"लाल कर."

"चंद्रासकट?"

"एकदा सांगितलं."

पहिल्या घावाला चंद्र चपटा झाला, तिसऱ्या घावाला गेला. ती छिन्नी खडकावर लागली आणि टोक जसंच्या तसं राहिलं. येसबानं पाहिलं आणि मान खाली घालून कामाला लागला.

पण गेलेले दिवस परत आले नाहीत. ज्येष्ठ संपत आला तेव्हा मोरवाल्यांचा भाग पुरा झाला होता आणि चंद्रवाल्यांचा नऊ हात राहिला होता. दक्षिणेकडून ढग चढत होते. गिरजोबा आपली टोळी घेऊन या बाजूला आला. त्यानं परवानगी मागितली नाही, टोमणाही मारला नाही. त्याच्या माणसांनी ते नऊ हात फोडले.

चार दिवसांनी तळं भरलं. पाणी सांडव्यातून गेलं. वाडी राहिली.

छापेवर आंधळा विश्वास ठेवणारा शेवटी भल्या माणसांवर संशय घेत बसतो.

पुढच्या माघात गिरजोबाच्या टोळीला दूरच्या घाटात पायऱ्या खोदायचं काम मिळालं. येसबा न बोलावता आपली माणसं घेऊन तिथं गेला. त्यानं दोरीनं खडक मोजून घेतला, नऊ हात फोडला, पुन्हा मोजला आणि परतीची वाट धरली.