फाटकावरची झोप

"पण बाबा, पाणी समोर दिसतंय, तरी ती जनावरं आत का येत नाहीत?" हैबतरावाने शेखूबाबा फकिराला विचारलं.

हैबतराव सरकारी कुरणाचा कारभारी. माळावर मोकाट घोडी आणि गाढवं इतकी वाढली होती, की गावच्या गुरांना गवत उरेना. निम्मी धरून नदीपलीकडच्या कुरणात सोडायची होती. हा माझ्या हातचा मळ आहे, असं हैबतराव चारचौघांत बोलून बसला होता.

त्याने माळावरच्या एकुलत्या एका तळ्याभोवती काट्यांचं कुंपण घातलं, बांबूचं एक फाटक बसवलं आणि त्याची दोरी मुठीत धरून दबा धरला. जनावरं आत शिरली, की दोरी ओढून फाटक लावायचं.

जनावरं यायची. लांब उभी राहून वास घ्यायची आणि तहानलेलीच परत फिरायची.

आज एक शिंगरू चालता चालता खाली बसलं. हैबतरावाच्या काळजात चर्र झालं. पण दोरी सोडायची म्हणजे चारचौघांत नाक कापून घ्यायचं.

शेखूबाबा बाभळीखाली बसला होता. त्याने विचारलं, "झोपला कधी होतास?"

"झोपलो तर फाटक कोण ओढणार?"



बाबा उठला. त्याने फाटकाच्या गाठी सोडल्या, ते तळ्याकाठच्या सावलीत आडवं टाकलं आणि वर आपली घोंगडी अंथरली.

"नीज."

हैबतराव पुष्कळ बोलला. हुकूम, अब्रू, गावाचं तोंड, सगळं सांगून झालं. बाबा ऐकत राहिला. शेवटी हैबतरावाने त्या शिंगराकडे पाहिलं... आणि मूठ आपोआप सैल झाली.

"जाऊ दे नाक," तो म्हणाला आणि आडवा झाला.

माळ उन्हात हलत होता. तळं वर वर चढून आभाळाला टेकलं, आणि त्यातून घोडी चालत आली. टापांचा आवाज नव्हता. स्वप्नच ते.

मग तळव्याला काहीतरी ओलं लागलं.

त्याने डोळे किलकिले केले. पायाशी शिंगरू होतं, नाकावरून पाणी ठिबकत होतं. त्याच्यामागे सगळा कळप, घोडी आणि गाढवं, माना खाली घालून निवांत पाणी पीत होता. हैबतरावाला रडू आलं. तरी जुनी खोड जाते कुठे, हात हळूच दोरी चाचपू लागला. दोरी फाटकाला होती, आणि फाटक त्याच्या पाठीखाली.

"बाबा..." तो ओठातल्या ओठात म्हणाला. "सगळी आत आहेत. फाटक लावू?"

बाबाने डोळेही उघडले नाहीत.

"लाव की, बेटा... पण उठावं लागेल."