श्रीच्या वेलीतली राजकन्या

एका राज्यात चंडसेन नावाचा राजा होता. त्याला छापील पोथ्यांचा भारी शौक. पोथीच्या आरंभीचा ‘श्री’ तर असा वेलबुट्टीदार हवा, की वाचणाऱ्याने पुढचे वाचायचेच विसरावे. मायावी ठसेकार कालोजी तो श्री शिसवी लाकडात उलटा कोरी, शाई लावून कागदावर उमटवी, आणि वेलीतला पोपट चक्क बोलू लागे.

एकदा कालोजीने श्रीच्या पायाशी बारीक अक्षरांत आपले नाव कोरले. राजा कडाडला, “माझ्या पोथीत तुझे नाव?”

नाव खरवडले गेले. कालोजी हद्दपार झाला. जाताना म्हणाला, “ज्याचे नाव खरवडलेस, त्याच्याच ठशात तुझा जीव अडकेल.”

राजाचा जीव म्हणजे राजकन्या मृगावती. पुढचा छाप काढून पाहतात तो काय, ती श्रीच्या वेलीत उभी! महालात तिचा पत्ता नाही.

राजा वेडापिसा झाला. लेकीचे मुख डोळ्यांआड होऊ नये म्हणून त्याने छापामागून छाप काढवले. काय ही बुद्धी! मुख पुसट होत चालले. तेव्हा पोपट बोलला, “महाराज, थांबा. लाकडी ठसा छापागणिक झिजतो. तुम्ही लेकीला झिजवता आहात.”

राजाने छपाई थांबवली. “उपाय सांग.”

“राक्षसाच्या तळ्याचे पाणी आणून शाई धुवा. नागाच्या फण्याखालची छिन्नी आणा. मग ती ज्या धन्याची आहे, त्याला द्या.”

“धनी कोण?”

“कालोजी.”

राजाने राक्षस मारला, पाणी आणून ठशाची शाई धुतली. नागाशी झुंजून छिन्नी आणली. तिसरे काम मात्र जिवावर आले. अखेर तो ठसा आणि छिन्नी घेऊन अनवाणी कालोजीच्या झोपडीशी गेला. मागे सारा दरबार होता.

कालोजीने ठसा मांडीवर घेतला. “हा कोणाचा?”

राजाने ठशाकडे पाहिले. लेकीची एक भुवई पार झिजली होती.

“तुझा,” राजा म्हणाला आणि सर्वांदेखत त्याच्या पाया पडला. “नाव कोर, बाबा. पण माझी पोर दे.”

कालोजीने आधी नाव कोरले, मग वेलीची गाठ कापली. मृगावती बाहेर आली, गालाला शाई लागलेली. म्हणाली, “तात, आता छाप पुरेत.”

शाप सरला. त्या राज्यात आजही श्रीच्या वेलीत मृगावती उभी होती तेवढी जागा रिकामी सोडतात, पायाशी ठसेकाराचे नाव असते. राजकन्येची भुवई मात्र पुन्हा उगवली नाही. राजा रोज तिकडे पाही, आणि मान खाली घाली.