न आलेल्यांची घागर

वडसावळी शहराच्या पूर्वेला धूरटेक नावाची बोडकी टेकडी आहे. तिच्या माथ्यावर तीन दगडांची एक चूल मांडलेली आहे. ही चूल कोणी पेटवत नाही. तरी तिचे दगड काळे आहेत आणि सूर्य मावळताना त्यांना हात लावला तर ते ऊबदार लागतात. उन्हाने तापत असतील, असे शहाणे लोक म्हणतात. पौषाच्या कडाक्यातही ते कसे तापतात, याचे उत्तर मात्र शहाण्यांकडे नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सारा खानदेश पितरांच्या नावाने घागर भरतो. घागरीवर खरबूज, सांजोऱ्या, कैरी ठेवतात, कुंकू लावतात, गेलेल्यांची नावे घेतात. वडसावळीत दोन घागरी भरतात. दुसरीला कुंकू नाही, तिच्यावर खरबूज नाही, तिच्यापाशी कोणाचे नाव घेतले जात नाही. ती उंबऱ्याबाहेर पूर्वेच्या बाजूला ठेवतात आणि दार लावून घेतात.

गेल्या वर्षी नगरपालिकेने शहराचा पुढच्या तीस वर्षांचा विकास आराखडा करायला घेतला. बाहेरगावच्या सल्लागार कंपनीचे केळुसकर नावाचे नगररचनाकार आले. मुख्याधिकारी त्यांना शहर दाखवायला धूरटेकवर घेऊन गेले. वाट दाखवायला झिपरूनाना महाले होते. नाना एकदा नगरसेवक झाले होते आणि नंतर प्रत्येक निवडणूक हरले होते. खरे बोलायची सवय त्यांना तेव्हापासून लागली, असे ते स्वतःच सांगतात.

केळुसकरांनी नकाशा त्या चुलीवर पसरला.

"तेवढा कागद उचला साहेब," नाना म्हणाले. "तिथं कोणी काही ठेवत नाही."

"का, पेट घेईल?" मुख्याधिकारी हसले.

"हा पेटला तर बरंच होईल."

नकाशात पाण्याची जाड वाहिनी पश्चिमेला गेली होती. तिकडे कोणाकोणाच्या जमिनी आहेत हे गावातले शेंबडे पोरही सांगेल. पूर्वेला, जुन्या नाल्याच्या पलीकडे, रंगारवाड्याकडची वस्ती संपते तिथपासून नदीपर्यंतचा सगळा भाग हिरवा रंगवून त्यावर 'ना-विकास' लिहिले होते.

"म्हणजे इकडं नळ नाही," नाना म्हणाले.

"इकडे लोकसंख्याच नाही, नाना. शेतं आहेत," केळुसकर म्हणाले. "जिथे माणूस नाही तिथे पाइप कशाला?"

नाना चुलीपासून जरा दूर बसले आणि सांगू लागले. त्यांनी जे सांगितले ते असे.

तेव्हा राज्य कोणाचे होते याबद्दल एकमत नाही. वडसावळी तटाच्या आत मावेल एवढा कसबा होता आणि उखाजी त्याचे पाटील होते. माणूस कर्तबगार, शब्दाचा पक्का. विहिरी दरसाल खोल जात होत्या. उखाजींनी सातपुड्याच्या पायथ्याच्या झऱ्यापासून कसब्यापर्यंत भाजक्या मातीचा नळ आणायचे मनावर घेतले. पंचक्रोशीत असे काम कोणी केले नव्हते. नळ एकदा पुरला की पुन्हा उकरता येणार नव्हता. त्याच्यावर शेते येणार, वाटा येणार, देवळे येणार. म्हणून सोमा कुंभाराने आधीच विचारून घेतले, "पाटील, तोंड केवढं ठेवू? मूठ जाईल एवढं, की डोकं जाईल एवढं?"

उखाजी म्हणाले, "माणसं मोजू, मग सांगतो."

माणसे मोजायची त्या काळची रीत अशी, की तिन्हीसांजेला या टेकडीवर चढायचे आणि धूर मोजायचे. जेवढे धूर तेवढ्या चुली, जेवढ्या चुली तेवढी घरे.

नाल्यापलीकडे तेव्हा रंगाऱ्यांच्या झोपड्या होत्या. दुष्काळात कुठूनशी उठून आलेली ती माणसे. कसब्याला त्यांनी रंगवलेली लुगडी हवी होती, त्यांच्या चुली नको होत्या. त्यांचे धूर मोजले तर नळाचे तोंड वाढणार, चर रुंद होणार, दर घराला जास्त खणावे लागणार. शिवाय एकदा मोजलेला माणूस गावचा होतो, त्याला पुन्हा ऊठ म्हणता येत नाही. कसब्यातल्या थोरांनी हे उखाजींच्या कानावर घातले. उखाजींनी झोपड्या जाळल्या नाहीत, कोणावर हात उचलला नाही. फक्त दवंडी पिटवली, की उद्या तिन्हीसांजेला नाल्यापलीकडे कोणी चूल पेटवायची नाही.

"एका संध्याकाळचा तर प्रश्न आहे," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना भागा नावाची रंगाऱ्याची म्हातारी चावडीवर आली.

"पाटील, सून अडली आहे माझी. पाणी तापवायचंय. एक चूल पेटवू द्या."

"धूर झाला की मोजला जाईल, म्हातारे. अंधार पडला की पेटव."

"पोर अंधार पडायची वाट बघंल का, बाबा?"

"जन्माआधीच एवढी घाई," चावडीवरचा कोणीतरी म्हणाला. "मोजणीत यायचं दिसतंय त्याला."

चावडी हसली. उखाजीही हसले, असे सांगतात.

मग ते टेकडीवर चढले. थंडी अशी होती की धूर वर न जाता छपरांवरच रेंगाळत होता. कसब्यातला एकेक धूर त्यांनी बोटाने टिपला. नाल्यापलीकडे काही नव्हते. सगळे स्वच्छ, रिकामे. एवढी सोपी मोजणी कधी झाली नव्हती. खाली येऊन त्यांनी सोमा कुंभाराला सांगितले, "मूठ जाईल एवढं पुरे."

अंधार पडल्यावर भागाने चूल पेटवली, पण तोवर ते पाणी ज्यांच्यासाठी हवे होते ती दोघे उरली नव्हती. बाळबाळंतिणीला नाल्याच्या काठी एकाच खड्ड्यात ठेवले. उखाजींना हे कळले.  नळाचे काम सुरू होते.

पहिली भट्टी उतरली त्या दिवशी संध्याकाळी ते गढीच्या सज्जात उभे होते. नाल्याच्या काठावर, त्या खड्ड्याच्या जागी, एक धूर सरळ वर चढत होता. त्यांनी माणूस पाठवला. तो परत येऊन म्हणाला, "चूल नाही पाटील. राखही नाही. पण जमीन गरम आहे."

दुसऱ्या दिवशी त्या धुराच्या शेजारी आणखी काही धूर होते. मग रोज वाढत गेले. झोपड्या ओलांडून शेतात, शेते ओलांडून बाभळीच्या रानात, रान ओलांडून नदीपर्यंत. कसेही नाही, ओळींनी. मधे गल्ल्या सोडाव्यात तसे. कसब्यातले लोक दिवेलागणीला दारे लावून बसू लागले. ओली बाळंतीण गेली, ती फिरते आहे, असे बायका कुजबुजू लागल्या. उखाजींनी डोंगरातून एक जाणता भगत आणवला. तो संध्याकाळी नाल्याच्या काठी जाऊन बसला आणि थोड्याच वेळात सामान आवरून परतला.

"हे धूर मेलेल्यांचे नाहीत, पाटील," तो म्हणाला. "भूत मागून येतं. हे पुढून येतंय. याच्यावर माझ्याकडे मंत्र नाही."

दक्षिणा न घेताच तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी उखाजी एकटेच धूरटेकवर चढले. त्यांनी मोजायला बोट उचलले आणि खाली घेतले. मोजून संपण्यासारखे ते नव्हते. मग ते पूर्वेच्या उतारावरून खाली उतरले आणि त्या धुरात शिरले.

भिंती नव्हत्या, दारे नव्हती. नुसत्या चुली होत्या आणि चुलींपाशी माणसे होती. भाकरी थापल्याचा आवाज येत होता. कोणीतरी खोकत होते, कोणीतरी पोराला रागे भरत होते. बायकांची लुगडी त्यांनी कधी न पाहिलेल्या तऱ्हेची होती. एक मुलगी रिकामी घागर कडेवर घेऊन पुढे आली.

"आजोबा, पाणी आलं का?"

"कोणाची गं तू?"

"पाटलांची."

"कुठल्या पाटलांची?"

"उखाजी पाटलांची," मुलगी म्हणाली. त्यांना ओळखत असल्याची कसलीच खूण तिच्या तोंडावर नव्हती.

पुढच्या चुलीपाशी कुंभारांची माणसे होती. त्यापुढे रंगाऱ्यांची, मग पुन्हा पाटलांची. मग कोण कोणाची हे सांगता येऊ नये अशी मिसळलेली. प्रत्येक जण रिकामी घागर पुढे करी. कोणी शाप दिला नाही, कोणी रडले नाही. पाणी कधी येणार, एवढेच सगळे विचारत होते. नगरपालिकेच्या खिडकीशी आपण विचारतो, अगदी तसे.

शेवटी ते नाल्याच्या काठाशी आले. तिथे एक बाई तीन दगड मांडून बसली होती. काटक्या रचलेल्या होत्या, पेटवलेल्या नव्हत्या. पोर पदराखाली होते. तिने पाणी मागितले नाही. तिने मान वर केली आणि विचारले,

"पाटील, आता पेटवू का?"

उखाजी घरी कसे पोचले ते त्यांना पुढे कधीच आठवले नाही म्हणे.

सकाळी ते कुंभारवाड्यात गेले आणि भाजून ठेवलेले नळ त्यांनी काठीने फोडायला सुरुवात केली. सारा कसबा गोळा झाला, तेव्हा काल धुरात काय पाहिले ते त्यांनी सांगितले.

"पाटील, डोकं ठिकाणावर आहे का? आम्ही खणायचं आणि पाणी प्यायचं कोणी? जे जन्मलेच नाहीत त्यांनी?"

"हो," उखाजी म्हणाले. "त्यांनी आणि नाल्यापलीकडच्यांनी. मी त्यांना विझवून मोजणी केली. ती मोजणी खोटी आहे."

"शेजाऱ्याला तांब्याभर द्यायला जीव होत नाही आमचा," एक म्हातारा म्हणाला, "आणि तुम्ही पणतूच्या पणतूला पाजायला निघालात."

उखाजी चाकाजवळ गुडघ्यांवर बसले. सोमाने ओल्या मातीच्या नळाचे तोंड उघडून धरले होते. पाटलांनी पागोटे काढले आणि नळाच्या तोंडात आपले डोके घातले. ते बराच वेळ तसेच राहिले. आत त्यांना काय ऐकू आले ते त्यांनी सांगितले नाही. बाहेर आले तेव्हा कानांना चिखल लागला होता. "हे माप," ते म्हणाले. मग सगळ्यांसमोर त्यांनी बोलून ठेवले, की नाल्यापलीकडच्या माळावरच्या शेवटच्या चुलीला पाणी पोचेपर्यंत या नळाचा थेंब मी तोंडाला लावणार नाही.

त्या दिवसापासून माळावरचे धूर थांबले. लोक म्हणाले, सुटलो. चर खणताना लोकांनी शिव्या घातल्या, पण खणला. नळ आला. कसब्यात आला, नाल्यापलीकडे आला. भागाच्या झोपडीसमोर पाणी पडले तेव्हा ती म्हातारी त्याच्याकडे नुसती बघत बसली, असे सांगतात. पाटलांचे व्रत फिटले, असे सगळ्यांना वाटले.

उखाजी मात्र गढीतल्या जुन्या विहिरीचे गढूळ पाणी पीत राहिले. कारण पाणी आले म्हटल्यावर माणसे आली. रंगाऱ्यांच्या पुढे विणकर बसले, विणकरांच्या पुढे आणखी कोणी. नळ वाढवला की त्याच्याही पुढे एक नवी चूल पेटे. शेवटची चूल कधी जागेवर राहिलीच नाही. म्हातारपणी गढीची विहीरही आटली. शेवटच्या आजारात मुलाने नळाच्या पाण्याचा चमचा त्यांच्या ओठांशी नेला.

"शेवटच्या चुलीला पोचलं का?" त्यांनी विचारले.

"पोचलं, आबा," मुलगा म्हणाला. खोटे बोलला, पण बापासाठी बोलला.

उखाजींनी मान पूर्वेच्या खिडकीकडे वळवली. बाहेर दिवेलागण झाली होती. नदीच्या अंगाला, जिथे घर नव्हते, तिथे धूर चढत होता. त्यांनी ओठ मिटून घेतले ते पुन्हा उघडले नाहीत.

पुढच्या आखाजीला सुनेने सासऱ्याच्या नावाने घागर भरली. तिच्या मनात आले, ज्यांच्यासाठी हा माणूस तहानलेला गेला त्यांना पाजल्याशिवाय हा कसा पिईल? म्हणून तिने दुसरी घागर भरून पूर्वेला ठेवली. त्या लेकरांची नावे तिला ठाऊक नव्हती, म्हणून नाव घेतले नाही. सकाळी पाहते तर सासऱ्याची घागर काठोकाठ भरलेली आणि दुसरी कोरडी ठणठणीत.

इथे नाना थांबले. सूर्य टेकला होता. मुख्याधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिले. केळुसकर पूर्वेकडे बघत होते.

"मग मला आधी का सांगितलं नाहीत?" ते म्हणाले. त्यांचा आवाज चिडका होता. "तुमच्या नोंदींत इकडे लोकवस्ती नाही, आणि हे काय आहे? नदीपर्यंत घरं दिसताहेत. ही नकाशात का नाहीत?"

"कुठली घरं, साहेब?" नानांनी विचारले.

"हे धूर काय मग?"

मुख्याधिकारी पुढे आले, बघितले आणि घाईने म्हणाले, "शेतकरी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या जाळत असतील."

"श्रावणात?" नाना म्हणाले. "शेतात कपाशी उभी आहे, साहेब. हिरवी. तुमच्या नकाशासारखी."

केळुसकरांनी नकाशा गुंडाळायला घेतला. गुंडाळताना त्यांचा तळवा एका दगडाला लागला आणि त्यांनी तो चटका बसल्यासारखा मागे घेतला.  पायथ्याशी आल्यावर त्यांनी विचारले, "एक लहान मुलगी मागून येत होती, ती कोणाची?"

नानांनी मागे वळून पाहिले नाही. "पाणी आलं का, असं विचारलं का तिनं?"

केळुसकर गाडीत बसले आणि त्यांनी दार लावून घेतले.

आराखडा हिवाळ्यात मंजूर झाला. पूर्वेचा हिरवा रंग तसाच राहिला, जाड वाहिनी पश्चिमेला गेली, सभागृहात पेढे वाटले गेले. हरकती मागवल्या होत्या, नानांनी एक घेतलीही. 'सदर क्षेत्रात लोकवस्ती आढळत नाही' असे उत्तर त्यांना मिळाले. उखाजींनी निदान एकाच संध्याकाळच्या चुली विझवल्या होत्या. यांनी तीस वर्षांच्या विझवल्या.

आजही आखाजीला वडसावळीच्या घराघरांत दोन घागरी भरतात. आजही सकाळी पितरांची घागर भरलेली असते आणि दुसरी कोरडी. आणि आजही दिवेलागणीला नाल्यापलीकडे नदीपर्यंत धूर चढतात, ओळींनी, मधे गल्ल्या सोडून. शहरातून ते सगळ्यांना दिसतात. टेकडीवर चढून ते मोजायला मात्र कोणी जात नाही.