हौसा माळणीचे खुरपे
एका राज्यात गंजनाथ नावाच्या मांत्रिकाची भारी धास्ती होती. त्याला दार लागत नसे, खिडकी लागत नसे. जिथे ओले लोखंड, तिथे त्याची वाट. म्हणून त्या राज्यात विळीपासून तलवारीपर्यंत सगळे धुऊन, पुसून, तेल लावून ठेवीत. हत्यार खुंटीवर गेले की काम पुरे, अशी तिथली रीत. मांत्रिक बिचारा वेशीबाहेर दात खात बसे.

राजाच्या बागेत हौसा माळीण होती. तिने काडी रोवली तरी पालवी फुटे. राजकन्या कुमुदिनी बिनआईची. हौसाच्या मागे मागे वाफे खणीत वाढली, तिला मावशी म्हणू लागली. त्या पोरीचे लग्न ठरले आणि हौसाचे पाय जमिनीवर ठरेनात. हळदीच्या सकाळी ती झेंडूचा वाफा खुरपत होती, इतक्यात वाजंत्री वाजली. चिखलाचे खुरपे कोपऱ्यात फेकून हौसा मांडवाकडे पळाली. तीस वर्षांत एकदाच चुकली, पण मांत्रिकाला एकदाच पुरते.

खुरप्यावर तांबूस डाग उमटला. डागातून धूर निघाला, धुरातून गंजनाथ निघाला. त्याने मांडवाकडे बोट केले, आणि अंगाला हळद लागलेली राजकन्या बसल्या जागी डाळिंबाचे झाड झाली. बुंध्याला हराळीच्या गवताचा विळखा, शेंड्याला वाळकी फांदी, मुळाशी भेगाळलेली माती.

“हराळी काढा, फांदी छाटा, पाणी घाला,” मांत्रिक म्हणाला. “सूर्य बुडायच्या आत तिन्ही कामे पुरी झाली तर लेक तुमची, नाहीतर सरपण माझे. हत्यारे हवीत तर ही घ्या. सोन्याला गंज चढत नाही.”

त्याने सोन्याचे खुरपे, सोन्याची कात्री आणि सोन्याची झारी ठेवली, आणि तो पारावर जाऊन बसला.

राजाला कुठला धीर? त्याने सोन्याची कात्री उचलून फांदीवर चालवली. सोने पडले मऊ. फांदी कापली गेली नाही, चावल्यासारखी झाली. झाड कळवळले, पानांतून पाणी गळले. राजाच्या हातून कात्री पडली.

हौसा पुढे झाली. “महाराज, खुरपे मी टाकले. अपराध माझा. आता हत्यारही माझेच चालेल.”

पण तिच्या हत्यारांची काय दशा! मांत्रिकाची सावली पडली आणि कात्री उघडेना, खुरप्याचे पाते लालभडक, झारीची भोके गाळाने बुजलेली. हौसा विहिरीवर मांडी ठोकून बसली. चिंचेचा कोळ आणि विटेची भुकटी घेऊन तिने घासायला सुरुवात केली. विहिरीकाठच्या झाडावरून एका साळुंकीने हाक दिली, “सूर्य माथ्यावर.” हौसा घासतच राहिली. राजाच्या येरझाऱ्या सुरू झाल्या. साळुंकी म्हणाली, “सूर्य आंब्याच्या शेंड्यावर.” राजा ओरडला, की पुरे कर आता, कामाला लाग.

“बोथट पात्याने लेकीला पुन्हा ओरबाडू का, महाराज?”

राजाने अंगरखा खोचला आणि धारेच्या दगडावर पाणी ओतू लागला.

खुरपे चकाकले आणि मग काय विचारता! वर वर ओढली की दुप्पट फुटणारी ती मायावी हराळी. हौसाने कोपरभर खोल शिरून तिची पांढरी मुळी न् मुळी उपसली. कात्री फांदीवरच्या कोंब फुटायच्या डोळ्याच्या जरा वर तिरपी धरली, एकच आवाज झाला आणि वाळकी फांदी खाली. बाभळीच्या काट्याने झारीची भोके मोकळी केली आणि माती भिजेल एवढेच पाणी घातले, चिखल होऊ दिला नाही. “सूर्य डोंगराला टेकला,” साळुंकी किंचाळली. तिन्ही कामे झाली. वाजंत्री वाजली, सारे झाडाकडे धावले, हौसाही धावली.

झाड मात्र झाडच राहिले. पारावर गंजनाथ हसत होता.

हौसाने वळून पाहिले. वाफ्यात तिचे खुरपे पडले होते, ओले, चिखलाचे, आणि त्यावर तांबूस ठिपका उमटत होता. ती उलट्या पावली पळाली. राजा म्हणाला, लेकीला सोडून कुठे चाललीस?

“काम पुरे करायला.”

तिने खुरपे धुतले, पदराने कोरडे केले, करंजाचे तेल चोळले आणि खुंटीला टांगले. कात्री टांगली. झारी पालथी घातली. मांत्रिकाचे हसू विरले, मग पाय विरले, मग तो सगळाच विरला. त्याची वाट पुसली गेली होती.

सूर्याची शेवटची कड बुडता बुडता डाळिंबाच्या जागी कुमुदिनी उभी राहिली. अंगावर हळद ओलीच होती, मनगटावर कात्रीचा चरा होता. हौसाने तिला कवटाळले आणि ती लहान पोरीसारखी रडली.

“मावशी, तेलाचे हात लागले माझ्या शालूला,” राजकन्या म्हणाली, आणि तिने ते हात सोडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी लग्न लागले. भटजींनी अंतरपाट धरला, तेवढ्यात राजाने हात वर करून मंगलाष्टके थांबवली आणि भर मांडवात विचारले, “हौसाबाई, खुरपे खुंटीवर आहे ना?”

आहे म्हटल्यावर अक्षता पडल्या. आमचीही कहाणी धुतली, पुसली, खुंटीला टांगली.