आमराईतल्या जेवणाची वाइन

एकदा एका बेदाण्याच्या व्यापाऱ्याने आपली एकसष्टी भर वैशाखात, आमराईत, दुपारच्या जेवणाने साजरी करायचे ठरवले. वैशाखच का, असे शेठजींना विचारण्याची कोणाची छाती नव्हती. जेवणाबरोबरच्या वाइन निवडण्यासाठी त्यांनी द्राक्षमळ्यावरच्या वृद्ध आबांना निरोप धाडला. आबांचे अवघे आयुष्य वाइन करण्यात गेले होते. त्यांनी ते काम आपल्या शिष्येवर, मंजुळेवर सोपवले. “हे जेवण रंगलं, तर वाइनचं तळघर तुझ्या हवाली. नाही तर आणखी एक वर्ष माझ्या हाताखाली,” असे त्यांनी रोखठोक सांगितले.

मंजुळा हरखून गेली. तळघर आपल्या हाती यावे, हे तिचे कधीचे स्वप्न. चाखण्याची रीत तिला मुखोद्गत होती: सकाळची वेळ, रिकामे पोट, तळघराचा गारवा, घोट तोंडात घोळवायचा, पारखायचा आणि थुंकून टाकायचा. या शास्त्रशुद्ध रीतीने तिने लाकडी पिंपात मुरलेली, सर्वांत जुनी, दाट लाल वाइन निवडली. हलकी गुलाबी वाइन तर “हिच्यात काही दम नाही” म्हणत तिने पहिल्याच घोटाला मोडीत काढली.

आबांनी लाल वाइन चाखली. “उत्तम आहे,” ते म्हणाले. “उद्या दुपारी आमराईत ये. उपाशी ये.”

दुसऱ्या दिवशी ऊन नुसते रणरणत होते. आबांनी एकसष्टीच्या आचाऱ्याकडून तेच जेवण रांधून घेतले होते. मंजुळेला सतरंजीवर बसवून ते स्वतः वाढू लागले: काळ्या मसाल्याचे मटण, बाजरीची भाकरी, कैरीची चटणी. तिने पेल्याकडे हात नेला, की आबा तिच्या वाटीत रस्सा ओतत.

“आबा, मी काय जेवायला आलेय का? वाइनचं बघू या ना!”

“आधी जेव.”

घामाने निथळेपर्यंत शिष्येला जेवू घालायचे, ही कुठली विद्या, हे काही तिला उमगेना. तिला मनापासून राग आला होता.

अखेर तिच्या लाडक्या लाल वाइनचा पेला पुढे आला. तळघरात मऊसूत लागलेली ती वाइन इथे कोमट आणि कडवट लागली. मसाल्याची आग दुप्पट झाली, डोके जड झाले. पेला बाजूला सारून मंजुळेने पाण्याचा तांब्याच तोंडाला लावला.

मग आबांनी विहिरीच्या पाण्याच्या बादलीतून एक बाटली काढली. तीच, दम नसलेली गुलाबी. मंजुळेने अनिच्छेने एक घोट घेतला, मग दुसरा. जिभेवरची आग निवाली आणि मसाल्याची चव मात्र मागे राहिली. तिने आपण होऊन भाकरीचा आणखी एक तुकडा मोडला आणि खळखळून हसली.

आबाही हसले. “पोरी, लाल वाइनमध्ये काही खोट नाही. थंडीत तिच्यासारखी तीच. पण तू ती गारव्यात बसून, उपाशीपोटी आणि एकटीने निवडलीस. पाहुणा येणार उन्हातून, भुकेला, चार माणसांत हसायला. ज्याच्यासाठी निवडायचं, त्याच्या ताटावर आधी बसावं.”

मंजुळेने मान डोलावली.

एकसष्टीचे जेवण झकास झाले. गुलाबी वाइन मागून मागून संपली, शेठजींच्या मोठ्या बंधूंनी तर भर पंगतीत गाणे धरले. मग आमरस आला. तृप्त शेठजींनी विचारले, “आता याच्याबरोबर कुठली वाइन?”

आबांनी आमरसासाठी म्हणून एक गोड वाइन मुद्दाम पिशवीत घालून आणली होती. त्यांचा हात पिशवीकडे जातो न जातो तोच मंजुळा म्हणाली, “कुठलीच नाही, शेठजी. आमरसाबरोबर आणखी आमरस.”

शेठजी मांडीवर थाप मारून असे हसले, की वाढप्याच्या हातातला डाव हिंदकळला. वाट्या पुन्हा भरल्या गेल्या.

आबांनी हळूच पिशवी पायाने मागे सरकवली. आपल्याला जे सुचले नाही ते हिला सुचले, याचा त्यांना इतका आनंद झाला, की डोळे भरून आले.

“मंजुळाबाई,” ते म्हणाले. आजवर त्यांनी तिला अशी कधी हाक मारली नव्हती. “उद्यापासून तळघर तुमचं. आणि मला जरा आमरस वाढायला सांगा.”

आपल्याजवळचे उत्तम देताना, समोरच्याला आत्ता काय हवे आहे हे पाहिले, तर कधी कधी काहीच न देणेही गोड लागते.