जाड्या रॉडचा देखणा सांधा

लोखंडाला तोंड होतं तेव्हाची गोष्ट. एका वर्कशॉपात छोटं, स्वस्तातलं वेल्डिंग मशीन होतं. विहिरीवर टाकायची जाळी जोडायची होती. स्वतः वितळून लोखंड सांधणाऱ्या वेल्डिंगच्या रॉडांपैकी बारका रॉड पुढे झाला, तशी जाड्या रॉडने त्याला ढकललं.

"सरक, काडी! जाळी मजबूत हवी, म्हणजे मीच हवा."

मशीन म्हणालं, "दादा, तुम्हाला वितळवण्याएवढा करंट नाही माझ्यात."

"मग लाव की जोर!"

मशीन तापून अर्धमेलं झालं. सांधा मात्र काय देखणा, अगदी गुबगुबीत! जाड्या फुगून बसला.

तेवढ्यात शेळी आली. तिची करडं रोज विहिरीवर उड्या मारायची. तिने जाळीला एक टक्कर दिली. सांधा खपलीसारखा निघून पडला.

"अहो मजबूतराव, लोखंडात शिरलाच नाहीत, नुसते वर बसलात! माझी लेकरं तळाला गेल्यावर शिरणार होतात का?"

"मशीनच हलकं," जाड्या गुरगुरला.

"मग त्याला झेपेल त्यालाच पुढे होऊ द्यायचं होतं!"

बारक्याने आणि त्याच्या भावांनी जाळी जोडली आणि ते जळून बोटबोटभर उरले. शेळीने चार टकरा दिल्या, मगच करडांना सोडलं.

जाड्यालाही काम मिळालं, डब्यातला रंग ढवळायचं. तिथेही तो मशीनलाच नावं ठेवतो.